कुटुंबप्रमुखाची मंजुरी

न्यूनेन, नेदरलँड्स, रविवार ६ जुलै २०२५

मंजू,

माझं पुरणयंत्र पोचलं. घासूनपुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून, कुरिअरने. आत चिठ्ठी नाही. इतक्या वर्षांत तू कुणाचं भांडं रिकामं परत केलं नाहीस. माझा साधा डबा नेलास तरी परत येताना त्यात निदान चिमूटभर साखर असायची. या वेळी मी यंत्र उलटं करून हलवून पाहिलं. काही नाही. तेव्हाच म्हटलं, बाईसाहेबांचं काहीतरी भयंकर बिनसलंय.

फोन लावला तर तू मला ब्लॉक केलेलं. मग मीही म्हटलं, गेलीस उडत. आणि फुगून बसले. पार्सलवर तुझा ब्रेडाचा पत्ता होता म्हणून हे पत्र तरी पोचेल. पत्राला ब्लॉक करता येत नाही.

आज सलोनी सुट्टीतला मराठीचा अभ्यास करायला बसली. मराठी मंडळाची साइट उघडली, तिच्याच नावाचा धडा काढला, ‘सलोनी आणि सात बदकं’, आणि मला हाक मारून म्हणाली, “आई, व्हाय डझ इट से राजनकाका? ही कान्ट ईव्हन ड्रॉ अ डक.” मी ओट्यावरून हात पुसत आले आणि बघते तर खरंच. तू लिहिलेल्या त्या धड्याखाली लेखक म्हणून तुझा नवरा राजन. पुढच्याखाली राजन. सगळ्याच धड्यांखाली राजन. मग पुरणयंत्र रिकामं का आलं ते कळलं. तुला वाटलं, साइट मीनलची, म्हणजे हे मीनलने केलं.

आता ऐक. साइट मी बांधली हे खरं. कुणी काय करायचं याच्या पायऱ्याही मीच लावल्या, वाचक, लेखक, संपादक, व्यवस्थापक. पण कुटुंबाचं खातं ही मंडळाची अट होती. सभासदत्व घराचं, म्हणून खातंही घराचं. वर कुटुंबप्रमुख, त्याच्याखाली ‘सोबतचे सदस्य’. प्रमुख कोण, तर ज्याच्या नोकरीवर घर या देशात आलं तो. मी वाद घातला होता, तेव्हा अध्यक्ष मनोहरकाकांनी मंडळाच्या घटनेवर बोट ठेवून दाखवलं. माझ्या इथल्या पहिल्या निवास-परवान्याच्या कार्डावरही असंच काहीसं होतं, नवऱ्याचा मुक्काम आहे तोवर हिचा मुक्काम. ते कार्ड कधीच गेलं. मंडळात मात्र मी अजून सोबतचीच.

तू घर सोडून ब्रेडाला गेलीस आणि राजनने त्याच्या खात्यातून तुझं नाव काढलं. असं कुणाचंही नाव काढलं की साइट विचारते, या व्यक्तीच्या लेखनाचं काय करायचं? पुसून टाकायचं, की दुसऱ्याच्या नावावर करायचं? असल्या बहुतेक साइट विचारतात. ऑफिसातलं कुणी नोकरी सोडून गेलं की हा प्रश्न कामाला येतो. राजनने दुसरं निवडलं आणि नाव स्वतःचं दिलं. नऊ वर्षं तू रविवारच्या शाळेसाठी लिहिलंस, वर्गातल्या एकेका पोराला धरून एकेक गोष्ट, आणि त्याने ती बसल्या जागी उचलली.

हे माफीचं पत्र समजू नकोस. जे मी केलं नाही त्याची माफी मी मागत नाही. पण आत्ताच, कणीक तिंबायची ठेवून, सगळ्या धड्यांखाली तुझं नाव परत घातलंय. मंजूषा घारपुरे. माहेरचं. बघून घे.

मीनल


न्यूनेन, २० जुलै

मंजू,

तुझं कार्ड मिळालं. पवनचक्कीचं चित्र आणि मागे चार ओळी, त्याही दातओठ खाऊन लिहिलेल्या. ब्रेडाच्या वाचनालयात, त्या बिब्लिओथेकमध्ये, मुलांना मराठी गोष्टी सांगायचं काम निघालं, त्यांनी तुझं लेखन बघायला मागितलं, तू मंडळाच्या साइटची लिंक दिलीस, आणि तिथे सगळ्यांखाली दुसऱ्याचंच नाव. त्या बाईने तुला विचारलं, हा राजन कोण. आणि तू लिहितेस, “मी काय सांगायचं होतं? खोटी ठरले. सप्टेंबरअखेर ठरवणार आहेत. परत लिहू नकोस.”

लिहिणार. तू वाचू नकोस हवं तर.

वाईट बातमी आधी. मी घातलेलं तुझं नाव दुसऱ्या दिवशी गायब. राजन कार्यवाह आहे, म्हणजे व्यवस्थापकाच्या पायरीवर. त्याने परत स्वतःचं घातलं. मी पुन्हा तुझं, त्याने पुन्हा त्याचं. दोन पोरं पंख्याच्या बटणावरून भांडतात तसा आमचा तमाशा चालला होता. संध्याकाळी मनोहरकाकांचा फोन. “मीनल, घरातली भांडणं साइटवर नकोत. तो राजनच्या घरचा प्रश्न आहे. त्यांचं त्यांना बघू दे.”

मी म्हटलं, “काका, त्यांचं ते बघतीलच. धडे कुणी लिहिले ते तुम्हालाही माहीत आहे.”

“माहीत आहे गं. पण आपण कोर्ट नाही.”

मंगळवारी समितीची बैठक झाली. मला पाहुणी म्हणून बोलावलं. माझ्याच साइटबद्दल बोलायला मी पाहुणी. राजन तिथे इस्त्रीचा शर्ट घालून शांत बसला होता. म्हणाला, “मी काही चोरलेलं नाही. मंजूषा आता सभासद नाही, आणि जी सभासद नाही तिचं नाव साइटवर ठेवायची तरतूदच नाही. धडे पुसले असते तर मुलांचं नुकसान झालं असतं. मी उलट वाचवले.” अगं, काय गोड बोलतो हा माणूस. तू इतकी वर्षं कशी काढलीस ते त्या दिवशी मला कळलं.

मग ठराव झाला. धड्यांखालचं नाव आहे तसं राहील. आणि यापुढे असा घोळ नको म्हणून, सोबतच्या सदस्याने साइटवर कुठलाही बदल केला तर तो कुटुंबप्रमुखाच्या मंजुरीशिवाय दिसणार नाही. कुठलाही. हा शब्द राजननेच घालायला लावला. मला विचारलं, करशील का, नाहीतर समितीतल्या अभिजितला सांगतो. मंजू, माझं डोकं असं फिरलं होतं की चहाचा कप फेकावा. पण साइटच्या किल्ल्या अभिजितच्या हातात गेल्या की तुझं नाव कायमचं गेलं, हे मला दिसत होतं.

मी म्हटलं, “करते. ठरावात लिहिलंय तसंच करते.”

माझा कुटुंबप्रमुख सारंग घरी आल्यावर म्हणाला, “तू हो म्हणालीस? तुला ताप आहे का?” मी त्याला काही सांगितलं नाही. तुलाही आज सांगत नाही.

मीनल


न्यूनेन, १० ऑगस्ट

मंजू,

झालं. ठरावातला शब्दन् शब्द मी साइटमध्ये उतरवला. इतकं इमानदारीत काम मी पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांचंही कधी केलं नाही.

कुठलाही बदल म्हणजे कुठलाही. सोबतच्या सदस्याने एक अक्षर हलवलं तरी प्रमुखाच्या फोनवर निरोप जातो, अमुक यांनी अमुक बदलाची मंजुरी मागितली आहे, मान्य की अमान्य. दिवसाचे सगळे निरोप एकत्र करून रात्री पाठवायची सोय मला सहज करता आली असती. ठरावात नव्हती. त्याने उत्तर दिलं नाही तर तासाभराने आठवण. तीही ठरावात नव्हती हे खरं, पण मंजुरी मिळेपर्यंत काम अडलेलं राहणार, तेव्हा आठवण करणं माझं कर्तव्यच नाही का?

आणि गणपती सत्तावीसला. कार्यक्रम तीसला, शनिवारी. तुला सांगायला नको, या मंडळात गणपतीच्या आधी साइटवर बसतं कोण. मोदकांची वाटणी कोण मांडतं, आरत्यांचं पान कोण सुधारतं, कुठल्या पोराचा नाच कितवा, कोण कुणाला गाडीतून आणणार, नऊवारी कुणाची कुणाला. समितीतल्या एकाही गड्याने तिथे आजवर बोट लावलेलं नाही. ते फक्त प्रमुख आहेत.

मी कुणाला भडकवलेलं नाही, हे लिहून ठेवते. मी सगळ्यांना नवा नियम समजावून सांगितला, एवढंच. त्यासाठी एक ग्रुप केला, ‘मोदक समिती’ नावाचा. त्यात म्हटलं, बायांनो, पूर्वी आपण दहा दुरुस्त्या जमवून एकदम टाकायचो. आता नियम आहे, तेव्हा एकेक करून रीतसर टाकूया, म्हणजे प्रमुखांना नीट तपासता येईल. आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी करूया, शनिवार-रविवारी त्यांना विश्रांती हवी.

ठाण्याहून आलेली नवी मुलगी आहे, प्रांजली. तिने तेवढं विचारलं, “ताई, हे मंजूषाताईंच्या धड्यांवरून का?” मी म्हटलं हो. ती म्हणाली, “मग मी आहे.” ती तुला कधी भेटलेलीही नाही. भाचीला तुझा मांजराचा धडा वाचून दाखवते, तेवढी ओळख.

साधनाकाकूंना ग्रुपात घ्यावं की नाही यावर मी अडले होते. अध्यक्षांची बायको, आणि कधी कुणासमोर शब्द काढत नाहीत. घेतलं. त्यांनी फक्त विचारलं, “अल्पविराम घातला तरी विचारावं लागेल का?” मी म्हटलं, “काकू, नियमाप्रमाणे हो.” त्या म्हणाल्या, “बरं.”

मीनल


न्यूनेन, २२ ऑगस्ट

मंजू,

काल झालं. हसून हसून माझं पोट दुखतंय आणि तू इथे नाहीस याचा राग येतोय.

सकाळी पोरांना सोडून सगळ्या बसल्या. प्रांजलीचा नवरा प्रतीक ऑफिसात फोन जोडून मोठ्या पडद्यावर काहीतरी सादर करत होता, आणि पडद्याच्या कोपऱ्यात निरोप आला. ‘प्रांजली यांनी मोदकांची संख्या वाढवण्यासाठी मंजुरी मागितली आहे.’ मग लगेच, ‘प्रांजली यांनी मोदकांची संख्या कमी करण्यासाठी मंजुरी मागितली आहे.’ निरोप मराठीत होते म्हणून त्याला वाटलं वाचलो. तर त्याच्या साहेबाने हे काय येतंय असं विचारलं. याने घाबरून सगळं भाषांतर करून सांगितलं. साहेब डच, तोंडावर बोलणारा. म्हणाला, “तुझ्या बायकोला स्वयंपाकातल्या आकड्यासाठी तुझी परवानगी लागते? तिला हे चालतं?” खोलीतले सगळे प्रतीककडे बघायला लागले. तो म्हणाला, हे आमच्या मंडळाचं सॉफ्टवेअर आहे. साहेब म्हणाला, “मग तुम्ही ते बदलत का नाही?”

आमच्या घरी सारंगने आधी दोन-चार मंजूर केले, मग फोन केला. “मिनू, हे काय चाललंय? नाचांचा क्रम तू सहा वेळा बदललास.”

“तू प्रमुख आहेस. तपास आणि मंजूर कर.”

“मला काय कळतं नाचातलं?”

“तेच.”

त्याने फोन ठेवला. मला वाटलं चिडला. पण थोड्या वेळाने त्याने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं, “मला माझ्या बायकोचा प्रमुख राहायचं नाही. याला कुठलं बटण आहे?” मंजू, लग्नाला सतरा वर्षं झाली. हा माणूस भाजीत मीठ नाही हेही मोठ्याने सांगत नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

सगळ्यात कमाल साधनाकाकूंची. मनोहरकाका जेवून पडले होते, त्या खाली बसून आरतीच्या पानावर एकेक अल्पविराम घालत होत्या. प्रत्येकाला मंजुरी. काकांनी वरून ओरडून विचारलं, “साधना, काय लावलंय हे?” तर म्हणाल्या, “तुमचाच ठराव. मंजूर करा.” शेवटी त्यांनी फोन बंद केला, तर मग तासाभराच्या आठवणी साठत गेल्या आणि पुन्हा चालू केल्यावर एकदम आदळल्या.

एकट्या राजनचा फोन शांत. त्याच्याखाली आता कुणीच नाही.

संध्याकाळपर्यंत गणपतीचं एकही पान पूर्ण नव्हतं. उद्या तातडीची बैठक आहे. या वेळी मी पाहुणी नाही, मला ‘ये’ म्हणून विनंती आली आहे.

मीनल


न्यूनेन, ३१ ऑगस्ट

मंजू,

गणपती बसले, गेले, कार्यक्रम झाला, हॉल धुऊन किल्ली परत दिली. आता निवांत लिहिते.

बैठकीत मनोहरकाकांनी सरळ सांगितलं, ठराव मागे घेतो, मंजुऱ्या बंद कर. मी म्हटलं, बंद करते, पण आधीसारखं करणार नाही. प्रत्येक माणसाचं खातं त्याचं स्वतःचं, कुणीही कुणाखाली नाही. कुणी मंडळ सोडलं तरी त्याचं लेखन दुसऱ्याच्या नावावर करायचा तो प्रश्नच साइटवरून काढून टाकते. आणि धड्यांखाली मंजूषा घारपुरे. हे जमत नसेल तर अभिजितला किल्ल्या देते आणि घरी जाते. अभिजित घाईघाईने म्हणाला, “मला नको बाबा.”

राजनने शेवटचं अस्त्र काढलं. “ते धडे माझ्या घरात बसून लिहिले गेले. माझ्या लॅपटॉपवर.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात साधनाकाकू, ज्या सगळ्यांना चहा द्यायला म्हणून आल्या होत्या, ट्रे हातात धरूनच म्हणाल्या, “आमचे हे अध्यक्षीय भाषण माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितात. मग ते भाषण माझं का रे, राजन?”

मनोहरकाकांनी चष्मा काढून पुसला. ठराव मंजूर झाला. राजनने बाजूने मत दिलं नाही आणि विरोधातही दिलं नाही. चहा न घेता गेला.

तेव्हा तुझं नाव परत आलंय, आणि या वेळी ते कुणीही हलवू शकत नाही, मी धरून. ब्रेडाच्या त्या बाईंना लिंक परत पाठव.

आता दुसरं. नव्या खात्यात मी प्रत्येकाला एक बटण दिलंय, ‘माझं लेखन घेऊन जायचं आहे’. ते दाबलं की तुझं लिहिलेलं सगळं तुला मिळतं, आणि मंडळाच्या साइटवर काय ठेवायचं काय नाही ते तू एकेकावर खूण करून ठरवतेस. कुणाला विचारावं लागत नाही.

हे कळल्यावर मनोहरकाका घरी आले. एकटे, फिट्सवर पायडल मारत, घामाघूम. म्हणाले, “नाव दिलं ते योग्यच झालं. पण मंजूषाला ते बटण देऊ नकोस. ती चिडलेली आहे, सगळं घेऊन जाईल. रविवारी आम्ही मुलांना काय शिकवायचं? निदान वर्षभर थांब.”

मी म्हटलं, “काका, तिला ते नेता येत नसेल तर ते तिचं कसं?”

त्यांनी समोरचे पोहे खाल्ले. जाताना म्हणाले, “तू हट्टी आहेस.” मी म्हटलं हो.

खरं सांगू? मलाही भीती वाटते. सलोनीला तो बदकांचा धडा पाठ आहे, अकरा वर्षांची झाली तरी काढून वाचते, घरात मराठी तेवढंच तिच्या तोंडून येतं. तू तो नेलास तर मला फार लागेल. तरी बटण आहे तिथेच आहे. मी ते तुझ्यापासून लपवणार नाही आणि दाबू नकोस म्हणून हातही जोडणार नाही. खात्याची माहिती सोबतच्या कागदावर. पासवर्ड पहिल्याच वेळी तू बदल, मला सांगू नकोस.

मीनल


न्यूनेन, २१ सप्टेंबर

मंजू,

दाबलंस.

शुक्रवारी सकाळी मनोहरकाकांचा फोन आला, त्यांचा आवाजच सांगत होता. “सगळं गेलं, मीनल. मी म्हटलं नव्हतं?” मी साइट उघडली. धड्यांचं पान पांढरं. मांजर गेलं, आप्पेपात्रात पोफर्च्येस करणारा गणू गेला, पावसात छत्री हरवणारी जुई गेली. मी खाली बघत गेले आणि मनात म्हटलं, बरं केलंस. खरंच म्हटलं. ज्या घरातून हाकललं तिथे आपली भांडी कोण ठेवतं? दुसऱ्याच मिनिटाला मी चरफडले, तुला चार शिव्या घातल्या, तेही खरं.

मग पानाच्या अगदी तळाशी आले. तिथे एक राहिलाय. ‘सलोनी आणि सात बदकं’. लेखिका मंजूषा घारपुरे.

काकांनी विचारलं, हा एकच कसा राहिला, काही बिघाड आहे का? मी म्हटलं, असेल, बघते. काही बघणार नाहीये.

ब्रेडाच्या बिब्लिओथेकचं पानही रोज उघडत होते, लपवत नाही. काल तिथे तुझं नाव आलं, शनिवारी सकाळी मराठी गोष्टी, पाच ते नऊ वयाच्या मुलांसाठी. सलोनीला दाखवलं. ती म्हणाली, “आय ॲम टू ओल्ड.” मग थोड्या वेळाने मराठीत म्हणाली, “पण मी बसू शकते मागे.”

इथली शाळा बंद पडलेली नाही, काळजी नको. आज मला उभं केलं होतं. मी एक धडा लिहून नेला, मुलांनी तो वाचला आणि एक म्हणाला, मंजूमावशीचा छान असतो. मी म्हटलं, मला माहीत आहे, खाली बस.

पुरणयंत्र या पत्रासोबत परत पाठवते आहे. तुझ्याकडे दुसरं नाही हे मला ठाऊक आहे, आणि दसरा जवळ आलाय. आत साखरेची पुडी आहे, ती काढल्याशिवाय वापरू नकोस. सगळं नेलंस, पण या वेळी तू रिकामं परत केलं नाहीस, तेव्हा मीही करत नाही.

शनिवारी आम्ही दोघी मागच्या रांगेत असू. आमच्याकडे बघू नकोस, गोष्ट सांग.

मीनल